मेल्ड स्कोअरला जे दिसत नाही: यकृत प्रत्यारोपणाची वाट बघतानाचे महिने

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एक आकडा बसतो. “स्कोअर किती आला?” गावाहून मामाचा फोन आला तरी पहिला प्रश्न तोच, आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचाही तोच. हा मेल्ड स्कोअर. तो 6 ते 40 च्या मध्ये असतो. जेवढा जास्त, तेवढा पुढच्या तीन महिन्यांत जिवाला धोका जास्त. त्यामुळे इथे मार्क वाढले म्हणून कोणी पेढे वाटत नाही, आणि कमी झाले तर “आता नंबर मागे जाणार” म्हणून हळहळणारे नातेवाईक भेटतात. स्कोअर उतरला म्हणजे माणूस थोडा सुधारला. हळहळ कसली?

आकडा निघतो साध्या रक्त तपासण्यांवरून. बिलिरुबिन म्हणजे काविळीचं मोजमाप. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा निर्देशांक. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, ती कमी पडली की आयएनआर वाढतो. क्रिएटिनिन किडनीचं. अलीकडे सोडियमही धरतात. बिलिरुबिन 4, आयएनआर 1.8 आणि क्रिएटिनिन 1.2 असेल तर मूळ सूत्राने मेल्ड येतो 20. याच माणसाला दोन दिवस जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं आणि क्रिएटिनिन 2 वर गेलं, तर यकृत होतं तसंच असूनही स्कोअर 25 होतो. म्हणून एका रिपोर्टवरून घाबरायचं नाही आणि हुरळायचंही नाही. आकडा कशामुळे हलला ते डॉक्टरांना विचारायचं.

या सूत्राचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. यकृतातला रक्तदाब कमी करायला एक खास नळी बसवतात. ती बसवल्यावर कोण जगेल आणि कोण दगावेल याचा अंदाज बांधायला अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये हे सूत्र तयार झालं आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2002 पासून अमेरिकेत तेच अवयववाटपाला वापरू लागले आणि मग ते जगभर पसरलं. म्हणजे काम एक, नेमणूक दुसऱ्याच कामावर. तरी ते बरंच चांगलं चालतं, कारण त्यात डॉक्टरच्या मताला जागा नाही. वशिला लावून बिलिरुबिन बदलता येत नाही.

पण रुग्णाला आणि घरच्यांना रोज ज्याच्याशी झगडावं लागतं, ते यातल्या कुठल्याच रकान्यात येत नाही. पोटात भरलेलं पाणी नाही, बुद्धीवर येणारं सावट नाही, झडलेले दंड-मांड्या नाहीत. एक तर उलटंच होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. माणूस जितका खंगलेला, तितकं त्याचं क्रिएटिनिन मुळातच कमी, म्हणून किडनी बिघडत असूनही स्कोअर खाली दिसू शकतो. अंगाने बारीक बायकांच्या बाबतीत हे जास्त घडतं. या त्रुटीची भरपाई करायला सूत्राच्या नव्या आवृत्तीत स्त्री-पुरुष हा घटक आणि अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं एक प्रथिन) धरलं जातं. सांगायचं एवढंच, की स्कोअर रांगेतली जागा सांगतो. नंबर लागेल त्या दिवशी शरीर ऑपरेशन सोसायला तयार असेल की नाही, ते घरात ठरतं. ती तयारी म्हणजेच हे वाट बघणं.

आधी आत काय बिघडलंय ते थोडक्यात. कारण दारू असो, हिपॅटायटिस बी किंवा सी असो, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर असो, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली असो, वर्षानुवर्षं जखमा होत राहिल्या की यकृतात व्रणांच्या गाठी तयार होतात. तो सिरोसिस. (दारूला कधी हात न लावलेल्या माणसालाही “प्यायचे का हो?” हा प्रश्न ऐकावा लागतो. निदान नातेवाइकांनी तरी तो टाळावा.) या व्रणांमुळे दोन गोष्टी होतात. यकृताचं काम मंदावतं, आणि आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. पाटाच्या तोंडाशी गाळ साचला की पाणी बांध फोडून शेजारच्या वावरात शिरतं, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांत घुसतं. त्या फुगतात, कधी फुटतात. पोटात पाणी भरण्यामागेही मुख्य कारण हाच वाढलेला दाब.

फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीतून बँड घालतात किंवा दाब कमी करायला प्रोप्रानोलॉल, कार्व्हेडिलॉल यांसारख्या गोळ्या देतात. बीपी ठीक असताना ही बीपीची गोळी कशाला, असं म्हणून ती परस्पर बंद करणारे लोक असतात. ती गोळी बीपीसाठी नसतेच. रक्ताची उलटी झाली, किंवा शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, तर घरी थांबायचं नाही. जिथे एंडोस्कोपीची सोय आहे अशा हॉस्पिटलात त्याच क्षणी जायचं. अशी सोय आपल्या गावापासून कुठे आणि किती लांब आहे, रात्री गाडी कोणाची मिळेल, हे आजच ठरवून ठेवायचं.

पोटातल्या पाण्याला जलोदर म्हणतात, घरात मात्र “पाणी भरलं” आणि “पाणी काढून आणलं” असंच बोललं जातं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मीठ कमी करणं, ही पहिली पायरी. दिवसाचं सगळं मिळून मीठ साधारण 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. यात भाजी-आमटीतलं मीठ तर आलंच, पण खरा चोर ताटाच्या डाव्या बाजूला बसलेला असतो. लोणचं, पापड, तळलेली मिरची, कोरडी चटणी. शिवाय पाव, खारी, फरसाण, सॉस. कोकणात सुकट आणि खारवलेले मासे. सैंधव चालतं असा एक समज आहे, पण तेही सोडियमच. आणि बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही लघवी वाढवणारी गोळीही पोटॅशियम वाढवते. दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकतं. लिंबू, कोकम, आलं-लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर यांवर चव काढायची. पहिले पंधरा दिवस जड जातात, मग जीभ रुळते.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करून वहीत लिहायचं. गोळ्यांनी पाणी उतरत असेल तर दिवसाला अर्धा किलोच्या आसपास घट पुरे. पायांवर सूज असेल तर किलोपर्यंत चालते. त्याहून वेगाने वजन उतरलं तर किडनीवर ताण येतो. “पाणी कमी प्या” हा सल्ला मात्र सरसकट नसतो. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं, साधारण 125 च्या खाली, की तो देतात.

गोळ्या पुरेनाशा झाल्या की सुईने पाणी काढतात. एका बैठकीत 5 लिटरहून जास्त काढलं तर प्रत्येक लिटरमागे 8 ग्रॅमच्या हिशेबाने अल्ब्युमिन चढवतात. 8 लिटर काढलं तर 64 ग्रॅम. 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतं, म्हणजे तीन बाटल्यांहून थोडं जास्त. बाटली महाग असते आणि बिल बघून “ही बाटली कशाला?” असा प्रश्न येतोच. उत्तर असं, की ती नसेल तर पाणी काढल्यावर रक्ताभिसरण कोलमडून किडनी बंद पडू शकते. आणखी एक गोष्ट: पोटात पाणी असलेल्या माणसाला ताप आला, पोट दुखलं, किंवा नुसताच तो गोंधळल्यासारखा वागू लागला, तर त्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याची शंका धरायची. थोडं पाणी काढून त्यातल्या पेशी मोजतात. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी 250 किंवा त्याहून जास्त निघाल्या तर कल्चरच्या रिपोर्टसाठी न थांबता अँटिबायोटिक सुरू होतं. क्रोसिन देऊन रात्र काढण्याचा हा ताप नव्हे.

आता त्या गोष्टीकडे, जी घरातली माणसं सगळ्यात जास्त सोसतात आणि सगळ्यात कमी बोलतात. आतड्यात तयार होणारा अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं यकृताने गाळायची असतात. ती गाळली गेली नाहीत की मेंदूपर्यंत पोचतात. सुरुवात इतकी साधी असते की लक्षातच येत नाही. रात्रभर टक्क जागा, दिवसा झोप. चिडचिड. चहात साखर दोनदा. सही नेहमीसारखी येत नाही. नेहमी काटेकोर असणारा माणूस गॅस चालू ठेवून उठतो. बायकोला वाटतं मुद्दाम करतात, मुलाला वाटतं बाबा हट्टी झाले, आणि भांडणं होतात. भांडण ज्याच्याशी चाललंय तो अमोनिया आहे, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

घरी बघण्याची एक सोपी खूण आहे. रुग्णाला दोन्ही हात समोर ताठ करायला सांगा, बोटं फाकवून, तळवे पुढे येतील असे पंजे मनगटातून मागे वळवलेले, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसे. तसेच अर्धा मिनिट धरायला सांगा. पंजे मधूनच सुटल्यासारखे खाली पडतात आणि पुन्हा वर येतात का? तसं होत असेल तर डॉक्टरांना फोन करा. दुसरी युक्ती डॉक्टरही वापरतात: एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायला लावायची. गाय, म्हैस, बैल करत माणूस सात-आठावरच अडखळला आणि मागच्या महिन्यात पंधरा-सोळा सांगत होता, तर फरक पडलाय.

यावरचं मुख्य औषध म्हणजे लॅक्टुलोज, ते गोडमिट्ट सिरप. त्याचा डोस चमच्यात मोजण्यापेक्षा परिणामावर ठरतो: दिवसाला दोन-तीन वेळा सैल शी झाली पाहिजे. एकदाच झाली तर डोस वाढवायचा, सहा वेळा झाली तर कमी करायचा. जास्त झाल्याने पाणी आणि सोडियम कमी होऊन तीच भ्रमिष्ट अवस्था उलट्या बाजूने येते. प्रवासाला निघताना “वाटेत पंचाईत नको” म्हणून डोस चुकवतात आणि दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमिट होतात, हे फार नेहमीचं. सोबत बऱ्याचदा रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक देतात. सावट अचानक गडद झालं तर कारण शोधायचं: बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, आतून रक्तस्राव, लघवीच्या गोळ्या जास्त होणं, किंवा झोप येत नाही म्हणून कोणीतरी दिलेली झोपेची गोळी. एकदा तरी असा झटका येऊन गेला असेल तर स्कूटर-गाडीची किल्ली काढून घ्यावी. बँकेचे आणि मालमत्तेचे कागदही माणूस नीट असतानाच करून घ्यावेत. त्यात काही अशुभ नाही.

खाण्याबद्दल आपल्याकडचं पथ्य जवळपास उलटं आहे. कावीळ म्हटलं की मुगाचं पाणी, पेज, उसाचा रस. अंडी-दूध-पनीर बंद, तूप बंद. दीर्घकाळच्या सिरोसिसमध्ये हे पथ्य माणसाला अक्षरशः सुकवतं. यकृताला साखरेचा साठा नीट करता येत नाही, म्हणून रात्रीच्या उपासातच शरीर स्नायू तोडून खायला लागतं. सुजलेलं पोट बघून “खाऊन पोट सुटलंय” असं वाटतं आणि हाताच्या काड्या झालेल्या असतात. प्रथिनं किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात, पाणी वजा जाता जे वजन असेल त्यावर. 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. दोन अंड्यांतून 12, दोन पेले दुधातून 13-14, 100 ग्रॅम पनीरमधून 18, दोन वाट्या घट्ट वरणातून 13-14, चार पोळ्यांतून 12. एवढं करून आपण कसेबसे 70 पर्यंत पोचतो. मुगाच्या पाण्यावर काय होणार? मेंदूवर सावट येतं म्हणून प्रथिनं तोडायची, हा सल्लाही आता मागे पडलाय. डाळी, दूध आणि दह्यातली प्रथिनं तेव्हाही चालतात. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं, आणि झोपण्यापूर्वी एक खाणं चुकवायचं नाही: नाचणीची खीर, दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, केळं. रात्रीचं हे खाणं म्हणजे औषधाइतकंच. चतुर्थी-एकादशीचे उपास मात्र या काळात देवाला सांगून सोडावेत.

सोबत चालणं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ. शस्त्रक्रियेआधी टीम हेच तपासते: हाताची पकड, पाच वेळा खुर्चीतून उठायला लागणारा वेळ आणि तोल.

औषधांच्या बाबतीत नियम सोपा आहे, पाळणं अवघड. अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. ती किडनी बिघडवतात. पॅरासिटॅमॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत. आणि काढे? “जडीबुटीचं आहे, साइड इफेक्ट नाही” हे वाक्य म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी घालावा. ज्याच्या यकृतात शिल्लक काहीच नाही त्याने त्या प्रयोगात उतरू नये, इतकं मला पटतं. दारू तर पूर्ण बंद, कारण कुठलंही असो. किनारपट्टीवरच्या लोकांनी कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवं टाळावीत. त्यातल्या एका जंतूचा संसर्ग सिरोसिसच्या रुग्णात झपाट्याने रक्तात पसरतो. हिपॅटायटिस ए, बी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी यादीत असतानाच घ्याव्यात, दातही आताच दाखवून घ्यावेत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये, कारण सिरोसिसमध्ये कॅन्सरची गाठ उगवू शकते. ती लहान असतानाच सापडली, एकच आणि 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत आणि प्रत्येक 3 सेंटिमीटरच्या आत, तर प्रत्यारोपणाने ती बरी होण्याची चांगली शक्यता असते.

अवयव येतो कुठून? महाराष्ट्रात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या करतात, लोक त्यांना झेडटीसीसी म्हणतात. नाव रुग्णालयामार्फत नोंदवलं जातं. क्रम ठरताना रक्तगट, आजाराची तीव्रता, दात्याचं रुग्णालय कोणतं, अशा गोष्टी धरतात. अचानक यकृत निकामी झालेल्यांना तातडीने पुढे घेतलं जातं. आपल्याकडे यात रॅटॉलसारखं उंदराचं विष पोटात गेलेली तरुण मुलंही असतात, ही दुःखाची गोष्ट. आपल्या पुढे कोणी गेला तर आधी चिडण्याऐवजी रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला विचारावं. 2023 मध्ये केंद्राने रहिवासाची अट आणि नोंदणी फी काढायला राज्यांना सांगितलं, तेव्हा दुसऱ्या राज्यात नाव नोंदवायचं मनात असेल तर तेही तिथेच विचारावं.

भारतात मात्र बहुतेक यकृत प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडूनच होतात. यकृताचा भाग काढला तरी उरलेला वाढतो, काही आठवड्यांत बराचसा आणि काही महिन्यांत जवळपास पूर्ण. दात्याकडे सुमारे 30 टक्के तरी उरलं पाहिजे, आणि रुग्णाला त्याच्या वजनाच्या सुमारे 0.8 टक्के वजनाचा तुकडा मिळाला पाहिजे. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. सून आणि जावई त्यात नाहीत. त्यांना अशा दानाला मंजुरी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जावं लागतं. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी दाते अदलाबदल करण्याची सोय 2011 च्या दुरुस्तीने झाली.

दाता निरोगी असला तरी धोका शून्य नाही. उजवा भाग देणाऱ्यांत मृत्यूची शक्यता हजारात काही एवढी, पण आहे. आणि आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतात, हा काही शरीरशास्त्राचा नियम नव्हे. घरात सगळ्यांसमोर “तू देतेस ना?” असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच. दात्याने डॉक्टरांशी एकट्याने बोलावं. मनातून नको असेल तर तसं सांगावं. टीम घरच्यांना “वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही” एवढंच कळवू शकते, आणि ते खोटंही नसतं, कारण इच्छा नसलेला दाता योग्य दाता नसतोच.

खर्च खासगी रुग्णालयात साधारण 20 ते 30 लाखांच्या घरात जातो, पुढे आयुष्यभर टॅक्रोलिमससारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा वेगळा. अंदाजपत्रक हातात आलं की लगेच मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे अर्ज करावेत, ऑपरेशननंतर नव्हे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटावं.

मेंदूमृत दात्याच्या यादीवर असाल तर फोन कधीही येतो. यकृत बाहेर काढल्यावर हातात साधारण 8 ते 12 तास असतात, म्हणून नांदेड-कोल्हापूरच्या माणसाने निघायचं कसं हे आधीच ठरवावं. एकाऐवजी घरातल्या तिघांचे नंबर समन्वयकाकडे द्यावेत, अनोळखी नंबर कापू नयेत, फोन आल्यापासून तोंडात काही घालू नये. आदल्या दोन दिवसांत ताप, खोकला असेल तर फोनवरच सांगावं; लपवून नेलं तर ऑपरेशननंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांखाली तोच संसर्ग जीव घेऊ शकतो. आणि पोचल्यावरही परत यावं लागू शकतं. दात्याचं यकृत फार चरबीचं निघतं, किंवा तुम्हाला पर्यायी म्हणून बोलावलेलं असतं आणि पहिल्याचं ऑपरेशन ठरतं. अशा वेळी यादीतलं नाव जात नाही. घरी जाताना रक्ताच्या तपासण्या पुन्हा कधी करायच्या तेवढं विचारून घ्यावं, कारण रिपोर्ट जुने झाले तर स्कोअरही जुनाच राहतो.